उबवणी यंत्रातली एक ओळ

मी एक गुणधर्म बोलतोय. प्रोग्रामर मंडळी मला प्रॉपर्टी म्हणतात. अंडी उबवण्याच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये माझी एकच ओळ होती: नाव तापमान, कोणीही वाचावं, कोणीही बदलावं.

मला लिहिलं दादाने. दादा म्हणजे या दोन खोल्यांच्या कंपनीचा थोरला मालक. धाकटी मालकीण त्याची सख्खी बहीण. आमची प्रोग्रॅमची भाषा सोपी आहे. तिच्यात माझी एक ओळ लिहिली, की कंपायलर नावाचा दुभाषा तिच्यापासून सी या जुन्या, अवघड भाषेत पानभर ओळी तयार करतो आणि यंत्रात त्या चालतात. दादाला या सोपेपणाची लाज वाटते. "खरी भाषा सी," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. स्वतः सी लिहायची वेळ आली की मात्र त्याच्या कपाळावर आठ्या पडतात.

"दादा, तापमानाला मर्यादा घाल ना," बहीण म्हणाली होती. "कुणी भलताच आकडा दिला तर?"

"एका ओळीत भागतंय. उगाच फाफटपसारा नको."

झालं. मी हुजऱ्या म्हणून जन्माला आलो. जो जे देईल ते घ्यायचं आणि मान डोलवायची.

यंत्र गेलं मावशींकडे. त्या यांच्या कुणी लागत नाहीत. शेडमध्ये अंडी उबवून पिल्लं विकतात आणि सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा जुना थर्मामीटर फॅरनहाइटचा. म्हणून त्यांनी स्क्रीनवरचं फॅरनहाइटचं बटण दाबलं. स्क्रीनवर शंभर आलं, ते बरोबरच होतं; शंभर फॅरनहाइट म्हणजे जेमतेम अडतीस सेल्सिअस, अंड्यांना हवं तेवढंच. पण त्या ठोंब्या स्क्रीनने तोच शंभरचा आकडा उचलून माझ्यात टाकला. मी सेल्सिअस मानतो. शंभर सेल्सिअसला पाणी उकळतं, अंड्यांचं काय होणार? मी आकडा घेतला, हीटरने माझं ऐकलं आणि सगळी अंडी कवचातच गेली.

मग दादा सरसावला. त्याने माझ्या ओळीला हातच लावला नाही. थेट सीच्या फाइलीत घुसला आणि तिथे मर्यादा लिहून आला. "असं काम करायचं असतं," असं बहिणीला ऐकवत दिवसभर खोलीत मिरवला. त्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, की ही फाइल कंपायलरने तयार केली आहे, हाताने बदलू नका. पण पहिली ओळ वाचेल तो दादा कसला!

पुढच्याच आठवड्यात त्याला निळं बटण हिरवं करायची हुक्की आली. कंपायलर चालला. त्याने माझी जुनी ओळ वाचली आणि सीची फाइल नव्याने लिहिली. दादाची मर्दुमकी साफ पुसली गेली. हिरव्या बटणाचं कौतुक करत त्याने नवा प्रोग्रॅम मावशींच्या यंत्रात घातला.

आत दुसरी खेप अर्धवट उबलेली होती. मावशींनी पुन्हा तेच फॅरनहाइटचं बटण दाबलं आणि तीही गेली, तेव्हा त्या स्वतः आल्या. त्यांनी पिशवीतून एक अंडं काढलं आणि दादाच्या टेबलाच्या कडेवर फोडलं. आत पिसं फुटू लागलेलं पिल्लू होतं, मेलेलं.

"हे तुमचं दुरुस्त केलेलं यंत्र," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तुटायला लागलीत. आता शेवटची अंडी लावतेय. ही गेली तर शेडला कुलूप."

"मावशी, मी स्वतः सीमध्ये जाऊन..."

"मला तुमचं सी-बी काही कळत नाही. पिल्लू दिसतंय का तुम्हाला?"

दादाने पिल्लाकडे पाहिलंच नाही. त्याने पुन्हा तीच सीची फाइल उघडली. इतका निगरगट्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"ऊठ," बहीण म्हणाली.

"अगं, सापडलंय मला..."

"ऊठ म्हणते ना!"

ती बसली आणि माझ्याच ओळीपाशी आली. पस्तिसाच्या खाली किंवा एकोणचाळिसाच्या वर काही आलं, तर घ्यायचं नाही, भोंगा वाजवायचा. चार ओळी वाढल्या फक्त. "स्क्रीनचं उद्या बघते," ती म्हणाली. "आधी दार लावून घेते."

नवा प्रोग्रॅम यंत्रात गेला. मावशींनी शेवटची अंडी लावली आणि सवयीने पुन्हा तेच बटण दाबलं. शंभर आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणालो. भोंगा वाजला, हीटर होता तिथेच राहिला. मला काय वाटलं म्हणून सांगू! ताठ मानेने उभं राहणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मावशींचा फोन आला. त्यांनी फोन नुसता यंत्राजवळ धरला. दोन्ही खोल्यांत चिवचिवाट भरला. बहिणीने डोळे पुसले.

दादा म्हणाला, "बघितलंस? माझी सीमधली दुरुस्ती शेवटी लागू पडली."

हल्ली तो पाहुण्यांना सीची फाइल उघडून माझ्या मर्यादेच्या ओळींवर बोट ठेवून दाखवतो. मध्येच काहीतरी खुडबुड करतो, आपला हात लागावा म्हणून. बहिणीने कंपायलर चालवला, की त्याचं लिहिलेलं पुसलं जातं आणि मी जसाच्या तसा उभा राहतो. दादा, एकदा ती पहिली ओळ वाच रे बाबा. आणि नाही वाचलीस तरी चालेल. पिल्लांचं आता तुझ्यावाचून काही अडत नाही.