आतलं बदललंय

सकाळी अकरा वाजता शिरवळच्या ऑफिसात सौमित्र सरांनी विचारलं, "आतला बोर्ड कुणी बदलला?" आणि कंपनीचा फिरता मेकॅनिक धुळा कोळेकर सरळ म्हणाला, "मी." एवढं बोलून त्याने अपूर्वाकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. त्या "मी"च्या पुढचं अर्धं वाक्य तिला ठाऊक होतं आणि ते तिनेच बोलायला हवं होतं.

कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी डबे बनवायची. डबा म्हणजे लहानसा कॉम्प्युटर. दुधाचं वजन घ्यायचं, फॅट वाचायची, पावती छापायची, एवढंच त्याचं काम. त्या डब्यांचं कर्नल अपूर्वा बांधायची. डबा चालू झाला की सगळ्यात आधी उठून बाकीच्यांना कामाला लावतं ते कर्नल. ते बांधताना आतल्या बोर्डावरचा प्रोसेसर कुठल्या घराण्यातला हे आधी सांगावं लागतं. लांबलचक यादी असते, त्यात खूण करायची. नव्या घराण्यावर खूण केली की काम चटचट होतं, पण मग त्यातले काही हुकूम जुन्या प्रोसेसरला कळतच नाहीत आणि डबा जागचा हलत नाही.

गेल्या आठवड्यात तिने नोंदी पाहिल्या. जुन्या घराण्याचा डबा एकही शिल्लक नव्हता. मग तिने मोठ्या ऐटीत जुनी खूण काढली, नवीवर केली आणि शिरवळच्या खुर्चीत बसून काल रात्री चारशे बारा डब्यांना इंटरनेटवरून नवं कर्नल पाठवून दिलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे दुसरं काय! चारशे अकरा डबे उठले. आटपाडी तालुक्यातल्या अंजना गरंडेच्या केंद्रातला मात्र आज सकाळी काळाठिक्कर पडला. अडतीस बायकांचं दूध खासगी डेअरीवाल्या नानासोच्या दारात गेलं, जिथे माप त्याच्या हातातलं आणि फॅट त्याच्या मनातली. तिथून सुटायला त्या बायकांना तीन वर्षं लागली होती.

"न विचारता बोर्ड बदलता, कुठे नोंद नाही," सर म्हणाले. "संध्याकाळच्या दुधाआधी डबा चालू करून द्या आणि उद्यापासून येऊ नका."

"व्हय सर," धुळा म्हणाला. त्याच्या घरी दोन पोरी कॉलेजात होत्या, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

अपूर्वाने तोंडात मिठाची गुळणी धरली. नोकरीत कायम व्हायला तिला दोन महिने उरले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती आणि चोर आपल्या लॅपटॉपची वायर गुंडाळत उभा होता. ती एवढंच म्हणाली, "मी पण जाते, सर. जुना बोर्ड ऑफिसात एकही नाही, कर्नल तिथेच तपासावं लागेल." शेवटचा जुना बोर्ड दिवाळीच्या आवराआवरीत तिनेच भंगारात दिला होता.

गाडी धुळाच चालवत होता. सातारा मागे पडला. मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये अपूर्वाने ती यादी उघडली, खाली खाली जात जुन्या घराण्यावर खूण केली आणि बांधणी सुरू केली. ओळीमागून ओळी पळू लागल्या. तिचं लक्ष त्यांच्यात नव्हतं. तिला मे महिना आठवत होता.

वळवाच्या पावसात वीज पडून अंजनाच्या डब्यातला बोर्ड जळाला, तेव्हा धुळाने एका बंद पडलेल्या केंद्राचा जुना बोर्ड काढून त्याच दिवशी तिच्याच खोक्यात बसवला होता. केंद्र एक वेळही बंद राहिलं नाही. त्याने लगेच फोन केला होता. अपूर्वा वाईला होती, मामेबहीण ऋचाच्या हळदीत. "म्याडम, आतलं बदललंय, भायेरचं तेच हाय. लिवून घ्या." हात हळदीने माखलेले. ती म्हणाली होती, "हो हो, लिहिते." आणि तिथून उठून फोटो काढायला गेली होती.

याला ते आठवतंय का? ती चोरून त्याच्याकडे बघायची. तो आपला रस्त्याकडे बघत असायचा. आठवत असतं तर तो सकाळीच बोलला असता, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण मग त्याने माझ्याकडे का बघितलं? ती खिडकी खाली करायची, परत वर करायची. पुसेगावच्या पुढे बॅटरी संपत आली.

वडूजला हॉटेलवाल्याला विनवून तिने फ्रीजची वायर काढून लॅपटॉप जोडला. धुळाने दोन चहा सांगितले.

"नेमकं काय बिघडलं म्हणायचं, म्याडम?"

"प्रोसेसर जुना आणि मी हुकूम नवे दिले. त्याला कळलेच नाहीत."

"म्हंजी म्हाताऱ्या बैलाला रिव्हर्स घे म्हणल्यागत." तो हसला. तिलाही हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला. आत्ताच सांगावं. "धुळादादा," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चहा गोड आहे फार."

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग कप ठेवून गाडीकडे गेला. एवढी भित्री आपण कधी झालो, हे तिला कळेना. बांधणी पुरी झाली होती. तिने कर्नल मेमरी कार्डावर उतरवलं, ते मुठीत घेतलं आणि दिघंची मागे पडेपर्यंत मूठ सोडली नाही.

पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. केंद्राच्या पत्र्याखाली किटल्या घेऊन बायका उभ्या होत्या. काहीजणी नानासोच्या वाटेला लागल्याही होत्या, अंजना त्यांना हाका मारून परत बोलवत होती.

"आवं धुळाभाऊ, किती येळ! आता दूध नासायचं, न्हाईतर बायका तरी!"

धुळाने जुनं कार्ड बाजूच्या फटीतून काढलं, अपूर्वाने नवं सारलं आणि बटण दाबलं. पडदा काळा. दहा सेकंद गेले, वीस गेले. एक म्हातारी म्हणाली, "मेलंच की ह्ये." अपूर्वा मनातल्या मनात यादी चाळू लागली. यादीत आणखी कुठली खूण राहिली का? मग वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, तिच्यामागून ओळी धावल्या आणि डब्याने एकदा बारीक शीळ घातली.

"उठलं गं बया!" अंजनाने पहिली किटली काट्यावर ठेवलीसुद्धा. पावती कुरकुरत बाहेर आली.

तेवढ्यात सरांचा फोन आला. "झालं? छान. धुळाला सांग, ऑफिसची गाडी आणि सामान उद्या जमा करा."

धुळा दोन हातांवर होता, त्याला ऐकू जात होतं. अपूर्वा त्याच्याकडे पाठ करून बोलू शकली असती. ती तशीच, तोंड त्याच्याकडे ठेवून उभी राहिली.

"सर, त्यांनी मला सांगितलं होतं. त्याच दिवशी, मे महिन्यात. नोंद करणं माझं काम होतं. मी विसरले."

सरांनी विचारलं, "मग सकाळी का नाही बोललीस?"

"घाबरले."

"उद्या दोघंही या," सर म्हणाले आणि फोन ठेवला. आता आपलं काय होणार हे तिला माहीत नव्हतं, पण सकाळपासून पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला.

शेवटच्या बाईचं दूध घालून होईपर्यंत धुळा किटल्या उचलून देत राहिला. मग अंजनाला डबा बंद करायला सांगून त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खोक्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने लिहिलं होतं: "आतला बोर्ड जुना. २१ मे. अपूर्वा म्याडमला सांगितलं. धुळा."

"मागं सनई वाजत हुती," तो म्हणाला. "मला तवाच वाटलं, ह्या काय लिवत न्हाईत. म्हून मीच लिवलं."

"याचा फोटो मागवून सरांना दाखवायचा होता ना सकाळी! अंजनाताईंनी पाठवला असता."

"दाखवला असता की. पर त्यात तुमचं नाव हाय. म्हणलं, तुमीच बोलाल." त्याने झाकण फडक्याने पुसलं. "शिरवळपासनं वाट बघत हुतो. वडूजला तर लय वाटलं, आता बोलताय."

अपूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही.

"आता बोललाय, मग ह्ये कशाला ऱ्हाऊ द्यायचं," म्हणत धुळाने फडकं स्पिरीटमध्ये बुडवलं.

"पुसू नका," ती म्हणाली. त्याच्या खिशातला मार्कर घेऊन तिने त्याच्या ओळीखाली लिहिलं: "सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही. अपूर्वा." पुढे आजची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत धुळा झाकण धरून उभा राहिला आणि मग त्याने चारही स्क्रू घट्ट बसवले.