माझ्या पोटात आधी काय होते

वीस निळे ड्रम, वीस चाळण्या, चाळीस बादल्या, एक फलक आणि एक नारळ. मे महिन्याच्या अखेरीस आष्टी तालुक्यातल्या एका लहान गावात, शाळेच्या पटांगणावर, टेम्पोतून एवढे सामान उतरले. ड्रमांपैकी सतरा गडद निळे होते, तीन फिकट. सगळ्यांची तोंडे करवतीने कापून मोठी केलेली होती. एकोणीस जणांची कड सरळ होती. एकाची, करवत घसरल्यामुळे, वाकडी. तो वाकड्या कडेचा ड्रम म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. 'जुना' हा शब्द मात्र त्या दिवशी पटांगणावर कुणीच उच्चारला नाही. फलकावर लिहिले होते, 'सेंद्रिय शेती गट : नवीन साहित्याचे वाटप'. माझ्या पोटावरही एक हिरवा कागद चिकटवलेला होता. त्यावर गाईचे चित्र होते आणि 'विषमुक्त शेती' अशी अक्षरे. त्या हिरव्या कागदाखाली दुसरा एक कागद होता, अर्धवट खरवडलेला. त्यावर कवटी होती. वर गाय आणि खाली कवटी घेऊन मी उन्हात उभा होतो, आणि लोक माझ्यासमोर टाळ्या वाजवत होते. मला तोंड होते, पण वाचा नव्हती.

माझा जन्म एका शहराबाहेरच्या कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून, त्यात निळा रंग मिसळून, तो गरम लगदा साच्यात फुगवून मला घडवले. साच्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. आपल्यात काय भरतील याची मला फार उत्सुकता होती. मध भरतील, निदान सरबत तरी भरतील, असे वाटायचे. भरले ते तणनाशक. तपकिरी, दाटसर, फिनेलसारख्या वासाचे. त्या वासात थोडा गोडपणाही होता आणि त्या गोडपणाचीच मला जास्त किळस यायची. वर्षभर ते माझ्या पोटात होते. प्लास्टिक गुळगुळीत दिसते, पण ते शोषून घेते. तुमच्या जेवणाच्या डब्याला लोणच्याचा वास राहतो ना, कितीही घासला तरी? तसेच ते औषध माझ्या अंगात मुरले. ऊन लागले की घामासारखे ते अजूनही थोडे थोडे बाहेर येते.

रिकामा झाल्यावर मला भोके पाडून नष्ट करायचे, असा नियम होता. तसे झाले नाही. मी भंगारात गेलो. तिथून एका पुरवठादाराने मला उचलले, पाण्याचा फवारा मारला आणि हिरवा कागद चिकटवला. नव्या ड्रमाचे बिल लागले आणि जुना ड्रम गावात उतरला.

गटाचे अध्यक्ष मोहनराव. गावातले मोठे जमीनदार, बोलायला गोड. पुरवठादार त्यांचाच साडू. माझ्या आत काय होते हे त्यांना ठाऊक नव्हते, असे मी आजही मानतो. पण त्यांनी विचारलेही नव्हते.

मी सत्यशीलाबाईंच्या वाट्याला आलो. त्यांची जमीन दीड एकर. नवरा हनुमान आणि त्या, दोघे पूर्वी दर दसऱ्याला कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. सेंद्रिय शेतीची योजना आली आणि दोन वर्षांपासून त्यांचे जाणे थांबले. मूग, तूर, टोमॅटो, बांधावर शेवगा. योजनेचे हे तिसरे वर्ष होते. तिसरे वर्ष पार पडले की प्रमाणपत्र मिळणार होते, आणि प्रमाणपत्र दाखवले की नगरचा एक दुकानदार त्यांचा सगळा माल घेणार होता. नाहीतर पुन्हा कोयता.

या योजनेतला एक नियम मला मनापासून आवडला. गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या शेतावर जायचे, कुणी विषारी काही वापरत नाही ना ते पाहायचे, आणि एकमेकांची खात्री द्यायची. दुसराही एक नियम होता: शेतकऱ्याने ड्रम स्वतः निवडून नवा घ्यायचा, त्याचे पैसे त्याच्याच खात्यात येणार. सत्यशीलाबाईंच्या मुलीने, करिष्माने, तो मोबाइलवर वाचून दाखवला. ती बीडच्या कॉलेजात बीएस्सी करत होती आणि सुट्टीला घरी आली होती.

"मग आपल्याला निवडायला कावून न्हाई सांगितलं?" सत्यशीलाबाईंनी विचारले.

"कारण निवडलं असतं तर हा घेतला असता का कुणी?" करिष्मा माझ्या वाकड्या कडेवरून हात फिरवत म्हणाली.

त्या दिवशी माझ्यात जीवामृत करायचे होते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवायची, आणि आंबवलेले ते पाणी पिकाला द्यायचे. सत्यशीलाबाईंनी आधी दोन घागरी पाणी माझ्यात ओतले आणि वाकून आत पाहिले. त्या तशाच थांबल्या. मग शेजारच्या रतनबाईला हाक मारली. रतनबाई म्हातारी, तीस वर्षे ऊस तोडलेली.

"मावशी, ह्याचा वास घ्या बरं."

रतनबाईने नाक आत घातले आणि झटकन मागे सरली. "अगं बया! उसात मारत्यात त्येच औषध हाय हे. फडात गेलतो की पयल्या दिवशी डोकं धरायचं ह्या वासानं. आपल्या शेणाला कितीबी घाण म्हण, पण शेण असं घशात बसत न्हाई."

सत्यशीलाबाईंनी ते पाणी रानापासून दूर, रस्त्याकडेच्या खडकावर ओतले. मला बरे वाटले. माझी किळस करणारे कुणीतरी एकदाचे भेटले होते.

करिष्मा हळूच म्हणाली, "आई, आपण ह्याला नुसतं कोपऱ्यात ठेवू. सिमेंटच्या टाकीत करू जीवामृत, दरवर्षीसारखं. आपल्या रानाला काय होणार न्हाई. चार महिने गप राहू, कागद हातात येऊ दे."

"आपल्या रानाला न्हाई होणार," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पण धुळाजी भावजीनं त्यांच्या ड्रमात टँकरचं प्यायचं पाणी भरलंय. सकाळी पोरं तांब्यानं काढून पीत होती."

मित्रांनो, आमच्या तालुक्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. टँकर येतो तेव्हा घरात जे भांडे रिकामे असेल ते भरले जाते. एवढा मोठा ड्रम शेणासाठी कोण राखून ठेवील? वीसपैकी अकरा ड्रमांत त्या आठवड्यात प्यायचे पाणी होते.

शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. सत्यशीलाबाईंनी मला पुरावा म्हणून डोक्यावर घेऊन नेले. मोहनरावांनी माझ्या आत ओझरते पाहिले.

"बाई, वास काय, नव्या चपलेला बी येतो. म्हणून अनवाणी फिरता का तुमी?"

लोक हसले. धुळाजीही हसला. "वयनी, आमी चार दिस झालं पितोय की. कुणाला काय झालं न्हाई."

"चार दिवसांत कशाला होतंय, भावजी? पोरांना तुमी चार दिवसच ठेवणार हाय का?"

धुळाजीचे हसणे थांबले.

मोहनरावांनी आवाज खाली आणला. "सत्यशीलाबाई, साहेब लोक पुढच्या महिन्यात येणार. गटाची बदनामी करायची असंल तर तुमचं नाव गटातून काढावं लागंल. तिसरं वर्ष हाय. इचार करा." मग ते सगळ्यांकडे वळले. "आणि शंकाच असंल तर तपासून बघू. ह्याच ड्रमात पाणी भरू, ज्वारी पेरू, ह्याचंच पाणी घालू. विष असंल तर जळंल. मंजूर?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सत्यशीलाबाईंनीही हलवली. मी मात्र हादरलो. कारण मला उत्तर आधीच ठाऊक होते आणि ते उत्तर खोटे होते.

शाळेच्या ओसरीवर एका पाटीत ज्वारी पेरली. रोज माझ्यातले पाणी तिला घातले. पाचव्या दिवशी ज्वारी हिरवीगार उभी होती. मोहनरावांनी पाटी दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवली.

"बघा. विष खाऊन किती बाळसं धरलंय!"

ओसरी हसून हसून थकली. बायका टँकरच्या रांगेकडे निघाल्या. धुळाजी सुटकेने कपाळ पुसत होता. सत्यशीलाबाई खाली बघत राहिल्या. मला त्या हिरव्या कोंबांची शिसारी आली. माझ्यातल्या औषधाने त्यांना सोडले होते, आणि त्या सुटकेचा आता माझ्या साक्षीने गवगवा होत होता.

तेवढ्यात करिष्मा उठली. ती पाटीकडे टक लावून पाहत होती.

"काका, एक विचारू? उसात तण मारायचं औषध मारत्यात, तेव्हा ऊस मरतो का?"

"ऊस कशाला मरंल? रुंद पानाचं तण मरतं," मोहनराव म्हणाले.

"ऊस कोणत्या जातीचा? गवताच्या. आणि ज्वारी?"

तिथे बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी हयात उसात काढली होती. ते औषध ऊस सोडते आणि बाकीचे मारते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरी पेरायला ज्वारीच घेतली होती आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते. करिष्माच्याही नाही, ती तसे तिथेच म्हणाली.

"ज्वारी बी गवतच हाय की," रतनबाई शेवटी म्हणाली. "आगं, आमी सगळ्यांनीच माती खाल्ली."

"मूग घेऊ," करिष्मा म्हणाली. "एका फडक्यात विहिरीचं पाणी, एका फडक्यात ह्याचं. मोजून शंभर, शंभर. धुळाजी काकांनीच मोजावेत. फडकी मोहनराव काकांच्या घरी ठेवावीत, म्हणजे आमच्यावर आळ नको."

मोहनरावांना नाही म्हणता येईना. त्यांची बायको सकाळ-संध्याकाळ फडक्यांवर ज्याचे त्याचे पाणी शिंपडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनरावांच्या घरचा ड्रम उकिरड्यावर आडवा पडलेला दिसला. त्याबद्दल त्या घरातून कुणी अवाक्षर काढले नाही. गावाला मात्र समजायचे ते समजले. फडकी उघडायच्या आधीच बायका ड्रम ओतू लागल्या. धुळाजीने आपला ड्रम पालथा घातला आणि कुऱ्हाडीने त्याचे बूड फोडले. माझ्या जातभाईच्या मृत्यूचा आवाज ऐकून मला दुःख झाले नाही.

पाचव्या दिवशी फडकी उघडली. धुळाजीने मोजले, करिष्माने पुन्हा मोजले.

पुढे सगळे नीट झाले असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. तालुक्याचे साहेब आले, माझा फोटो काढून गेले. पुरवठादार दुसऱ्या तालुक्यात साहित्य वाटतो. सत्यशीलाबाईंचे नाव गटातून निघाले, कारण लिहिले 'असहकार'. धुळाजी, रतनबाई आणि आणखी नऊ घरे त्यांच्याबरोबर बाहेर पडली. त्यांनी नवा गट केला. नवा गट म्हणजे पुन्हा पहिले वर्ष. प्रमाणपत्राशिवाय नगरच्या दुकानदाराने माल घेतला नाही. दसऱ्याला हनुमान आणि सत्यशीलाबाई कोयता बांधून टेम्पोत बसले. ज्या फडात त्या गेल्या, तिथेही तोच वास असणार. हे आठवले की माझ्या अंगात मुरलेल्या औषधापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टींची जास्त किळस येते: खरवडून टाकलेल्या कवटीची, तिच्यावर चिकटवलेल्या गाईची, आणि काहीही न विचारता वाजवलेल्या त्या टाळ्यांची.

जाण्याआधी सत्यशीलाबाईंनी स्वतः नव्या ड्रमाचे दुकान गाठले. नव्या गटातल्या बारा घरांसाठी त्यांनी बारा ड्रम निवडले, प्रत्येकात डोके घालून वास घेऊन. दुकानदार वैतागला होता. रान आता धुळाजी बघतो. सुट्टीला करिष्मा येते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, देवळापाशी माझ्यासारखे निळे ड्रम असतील. त्यात पाणी भरण्याआधी मोठ्यांना विचारा, ह्याच्या पोटात आधी काय होते? उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. वरचा कागद कितीही हिरवा असला तरी त्याच्या खाली नख घालून बघा. वास आला तर लाजू नका. नाक मुरडणे हा कधी कधी चांगला गुण असतो. आणि असा ड्रम सापडला तर तो कुणाला देऊ नका, विकू नका. त्याला भोक पाडा. आम्हाला दुखत नाही.

मला तीन भोके पाडली आहेत. मी आता सत्यशीलाबाईंच्या बांधावर, शाळेच्या रस्त्याच्या कडेला उभा असतो. हिरवा कागद करिष्माने पाण्याने भिजवून काढला, कवटी तेवढी ठेवली. तिच्याखाली तिने पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहिल्या. शाळेत जाणारी मुले त्या मोठ्याने वाचतात.

विहिरीचे पाणी : शंभर मूग, सरळ कोंब सत्त्याण्णव.
ह्या ड्रमाचे पाणी : शंभर मूग, सरळ कोंब चार.