फुकटचा चेक

आमच्या माशांच्या कारखान्यात दर दुसऱ्या शुक्रवारी, दोन आठवड्यांनी एकदा, पगाराचा चेक मिळतो. म्हणजे महिन्याला दोन. वर्षातून दोनदा मात्र एखाद्या महिन्यात पगाराचे तीन शुक्रवार पडतात. त्या तिसऱ्या चेकला अख्खा डेल्टा, नदीकाठचा आमचा सगळा मुलूख, ‘फुकटचा चेक’ म्हणतो. भाडं, वीज, किराणा पहिल्या दोन चेकांत भागवायचं. तिसऱ्यातून टायर घ्यायचे, किडका दात काढायचा, आईच्या थडग्यावर दगड बसवायचा. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर करून मिळवलेला पैसा, आणि म्हणे फुकटचा. ही सवय आमच्या तोंडाला कुणी लावली, मला माहीत नाही. तिने व्हर्निटाचं काय केलं, ते माहीत आहे.

व्हर्निटा गेन्स माझ्या शेजारी उभी राहून मासे सोलते. तिची धाकटी बहीण गेली आणि बहिणीची पाच वर्षांची झाकिया तिच्याकडे आली. व्हर्निटाचं घर एका खोलीचं. पोरगी तिच्याच पलंगावर, तिच्या दंडाला धरून झोपायची. मग काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या मुलांच्या खात्याची, बाई येऊन बघून गेली. मुलीला झोपायला वेगळी खोली पाहिजे, म्हणाली. मार्चमधल्या कोर्टाच्या तारखेआधी ती मिळाली नाही, तर जॅक्सन शहरातलं एक जोडपं मुलीला घ्यायला तयार आहे.

गावात दोन खोल्यांचं एकच घर रिकामं होतं. व्हर्निटाच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेले, म्हणून मी तिला आणि पोरीला माझ्या गाडीतून तिकडे नेलं. ती तिथल्या घरांच्या मॅनेजरच्या ऑफिसात गेली. मी आणि झाकिया गाडीतच बसलो.

“रोझेटामावशी, माझी खिडकी कुठली?”

“तुला कुठली पाहिजे?”

“ती. झाडाजवळची.”

व्हर्निटा लवकरच बाहेर आली. पोरगी झाडाकडे पळाल्यावर तिने आतलं सगळं सांगितलं. मॅनेजर प्रुइट म्हणाला होता, “भाडं सातशे. म्हणजे वर्षाचं आठ हजार चारशे. तुमचा वर्षाचा पगार त्याच्या तिप्पट लागतो, पंचवीस हजार दोनशे. चेक केवढा येतो?”

“नऊशे ऐंशी. कापून घ्यायच्या आधी.”

“महिन्याला किती चेक?”

“दोन.”

त्याने गुणाकार केला. “तेवीस हजार पाचशे वीस. कमी पडतात, बाई.”

“साहेब, मी शनिवारीपण काम करीन.”

“करून दाखवा, मग या.”

मार्चमध्ये जॅक्सनचं जोडपं झाकियाला घेऊन गेलं. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. झाकियाने व्हर्निटाची उशी मागून नेली. व्हर्निटा तेव्हापासून टॉवेलची घडी डोक्याखाली घेते.

मे महिन्यात पगाराचे तीन शुक्रवार पडले. रबरी बूट काढता काढता बायकांना चेव आला.

“फुकटचा आला गं,” बर्था म्हणाली. “मी तर नवरा बदलून आणणार.”

“एवढ्या पैशात नवा येत नाही. जुनाच धुऊन घे.”

सगळ्या हसल्या. व्हर्निटा चेक हातात धरून बाकावर बसून राहिली.

“रोझेटा, हा पगारच ना गं?”

“मग काय, कुणी आंदण दिलंय?”

“म्हणजे वर्षाचे चोवीस नाहीत. सव्वीस.” तिने फोनवर आकडे दाबले आणि फोन माझ्यापुढे धरला. पंचवीस हजार चारशे ऐंशी.

“बसत होतं गं,” ती म्हणाली. “पोरगी माझ्या पगारात बसत होती.”

बर्थाने बूट हातातून खाली ठेवला.

तशीच तिला घेऊन मी प्रुइटकडे गेले. झाडाजवळच्या खिडकीला दुसऱ्याच कुणाचे पडदे लागले होते.

“तुम्हीच दोन म्हणालात,” तो म्हणाला.

“तुम्ही महिन्याचं विचारलंत,” मी म्हणाले. “तुम्हाला स्वतःला पगार कधी मिळतो?”

“दर दुसऱ्या शुक्रवारी.” तो बोलून गेला. भाडं गुणताना या माणसाचा एकही महिना सुटत नाही. आमची राबणूक गुणताना मात्र महिन्याचे आठवडे चार. आणि हे आठवडे आम्हीच हसत हसत सोडून दिले होते, फुकटचे म्हणून.

मग आम्ही एका वकिलाला विचारलं. त्याने सांगितलं, निकाल लागलाय, आता मूल हलवत नाहीत. महिन्यातून एका शनिवारी भेटता येईल.

त्या चेकातून व्हर्निटाने चार टायर घेतले. दुकानदाराने सवयीने विचारलं, “फुकटचा आला वाटतं?”

“नाही,” ती म्हणाली. “घट्ट बसव. दर महिन्याला जॅक्सनला जायचंय.”