गळ्याखालचा तळहात

माझी बायको कॉरिन गेली आणि तिच्याबरोबर तिचा पगारही गेला. आमच्या नोएलियाला सांभाळण्याचाच तो पगार होता. ती आई असली तरी रुग्णसेविकेची परीक्षा पास झाली होती, म्हणून सरकार तिला त्याचे पैसे देत होतं. आमच्या ला हुंतासारख्या लहान गावात बाहेरची नर्स मिळत नाही. मी खरबुजांच्या गोदामातलं काम सोडलं. आता ती परीक्षा मी पास झालो तरच पोरगी घरी राहणार होती, नाहीतर तिला डेन्व्हरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागणार होतं.

आधी दोनदा नापास झालो होतो. रुग्णाशी बोललो नाही म्हणून.

नोएलियाला ऐकू येत नाही, दिसतही नाही. तिला कुशीवर वळवण्याआधी गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावर तळहात टेकवून थांबायचं, हे कॉरिननं मला शिकवलं. तसं न करता वळवलं तर ती दचकते, श्वास अडकतो, श्वासाचं मशीन कोकलायला लागतं.

मेहुणी इव्हेट स्वतः पलंगावर पडून माझी तालीम घ्यायची.

"भाऊजी, तोंड उघडा की! मेलेय का मी?" असं म्हणून तिनंच जीभ चावली.

"मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय."

"जप्ती आणल्यासारखं काय सांगताय? हसून सांगा."

परीक्षेला पलंगावर रुग्ण म्हणून दुसरी एक उमेदवार झोपली होती. मी हात धुतले, पडदा ओढला, वाक्य हसून म्हटलं. आणि माझा हात आपोआप तिच्या गळ्याखाली गेला.

"ए! काय करतोस?" ती ताडकन उठून बसली.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "आर्चुलेटा, हात मागे घ्या. इथंच थांबू."

"माझ्या मुलीला असंच लागतं..."

"लागत असेल. ही तुमची मुलगी नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तीनदा नापास झालं की वर्ग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पुढचा वर्ग उन्हाळ्यात होता. तोवर घर चालवायला माझ्याकडे काही नव्हतं.

नोएलिया आता डेन्व्हरला असते. मी रविवारी जातो. पहिल्याच रविवारी तिथल्या सेविकेला हात कुठं टेकवायचा ते दाखवलं.

"छातीवर हात ठेवायची आम्हाला परवानगी नाही, काका. आम्ही सांगून वळवतो."

वळवताना पाहुण्यांनी भिंतीशी उभं राहायचं असतं. मी तिथं जाऊन उभा राहिलो. ती वाकली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "नोएलिया, मी आता तुला डाव्या कुशीवर वळवतेय हं."

मशीन कोकलायला लागलं.