मिनोरुचा उजवा पाय

हिमवर्षाव थांबलेल्या सकाळी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या अपार्टमेंटांवर अशी निःशब्दता पसरलेली असे, की जणू सृष्टीच्या कानांत कुणी कापूस घातला आहे. आणि त्या निःशब्दतेच्या गाभ्यातून, गाड्यांच्या छपरामागच्या विटांच्या भिंतीवरून, एक आवाज येई. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. चहाचं आधण ठेवता ठेवता मी तो ऐकायची. दळणाच्या लयीनं पूर्वी घरं जागी होत, तशी मी त्या लयीनं जागी होत असे. आणि लय चुकली, मधलं अंतर एखाद्या श्वासाएवढं लांबलं, तर खिडकीशी जाऊन बघायची, काय झालं म्हणून. तेव्हा हे लक्षात ठेवा, लय चुकलेली सगळ्यांत आधी माझ्याच कानांना कळली होती.

भिंतीवर चेंडू मारणारा मिनोरु आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. जपानी, व्यवसायानं फुटबॉलपटू, त्यातही गोल करणारा, स्ट्रायकर. ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्या भागात मोटारींचे कारखाने थंडावले होते, माणसं घरी बसली होती आणि सगळ्यांचा राग जपानी गाड्यांवर. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये एकानं त्याला ओरडून सांगितलं, "गो होम!" तर यानं कमरेत लवून उत्तर दिलं, "आय डोन्ट मेक कार्स, सर. ओन्ली गोल्स." आमचे हे मोटारीच्याच कंपनीत इंजिनिअर. त्यांना ते इतकं आवडलं की महिनाभर ऑफिसात सांगत होते.

त्याच्या देशात त्या काळी फुटबॉलवर पोट भरायची सोय नव्हती. दिवसा कंपनीतलं टेबल आणि संध्याकाळी कंपनीचा संघ. ते टेबल सोडून तो इकडे आला, तेव्हा वडील विमानतळावर निरोपालाही आले नव्हते. इथला करार एकेका हंगामाचा. वसंतात नवा कागद पुढे आला तर ठीक, नाहीतर परत जायचं; आणि त्या टेबलाशी आता दुसरंच कुणी बसलेलं. हे त्यानं मला एकदाच, भाजी निवडू लागता लागता सांगितलं. पालकाचं पान वेगळं करावं इतक्या हलक्या हातानं.

त्याचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो बंदिस्त सभागृहात. हिवाळ्यात तिथं आइस हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकून वर हिरवं कारपेट अंथरत आणि भोवती लाकडी कठडा. इतर खेळाडू चेंडूमागे धावत. हा मात्र चेंडू कठड्यावर आपटून कुठं येणार ते आधी ओळखून तिथं शांत उभा असायचा, पाहुण्याची वाट बघत दारात उभं राहावं तसा. मग उजवा पाय नुसता उघडायचा. हो, उघडायचाच, मारायचा म्हणवत नाही. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सौंदर्य कळायला नियम कशाला लागतात? गोल झाल्यावर बाकीचे नाचत, लोळत. हा मात्र गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा लगबगीनं आपल्या जागी परत. आणि सामना संपला की रिकाम्या कारपेटकडे वळून एक नमस्कार. तो पाहून मला माझे वडील आठवले, मिरजेच्या तालमीतून निघताना हौद्यातली माती कपाळाला लावणारे.

काही दिवसांतच तो मला काकू-सान म्हणू लागला; सान म्हणजे त्यांच्याकडचं ‘जी’. मी त्याला होळीला जेवायला बोलावलं. त्याच्याकडची रीत अशी की ताटात काही टाकायचं नाही. आपली रीत अशी की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. तो संपवतोय, मी वाढतेय. सहा पुरणपोळ्या झाल्या. कपाळावर घाम आला तरी हसू तसंच. शेवटी हे म्हणाले, "अगं, थांब आता! त्याला नाही म्हणताच येत नाही, दिसत नाही का तुला?"

आम्ही सगळे हसलो. तोही हसला. पुढं कितीतरी दिवस ती गोष्ट मी विनोद म्हणून सांगत असे. आता सांगत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, तो ऐन भरात असताना, भिंतीवरची लय चुकली. धप्प, आणि मग लांबलेला श्वास. जिन्यात गाठलं तर नडगीवर अंगठ्याएवढी जागा सुजलेली. माझा जीव कळवळला. माझे वडील पहिलवानांचे पाय चोळायचे, मुका मार उतरवायचे. ते बघत मी वाढले. शाळा चार बुकांची, पण हाताला हे ज्ञान होतं आणि त्याचा अभिमानही. सहाणेवर आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळलं, लोखंडी पळीत कढत केलं आणि लेप दिला. वर तिळाच्या तेलानं रोज सकाळी चोळायची, चांगलं दाबून.

"दुखतं का रे?"

"फाइन, काकू-सान."

चेहऱ्यावर तेच हसू, सहाव्या पोळीचं. कपाळावर तोच घाम. मी बघत होते हो, रोज बघत होते! आणि मला वाटे, गुण येतोय.

हेही एकदा म्हणाले, "डॉक्टरला दाखवू दे त्याला." तर मीच ठणकावलं, "डॉक्टर काय करणार? घरी बसवणार. माझ्या वडिलांनी अशा छप्पन्न नडग्या बऱ्या केल्यात." मिनोरु समोरच होता. माझं इंग्रजी मोडकं, पण हातवारे स्पष्ट. त्यानं लवून मान तुकवली.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तो सामना. मी पुढच्याच रांगेत होते. चेंडू कठड्यावरून परतला, हा नेहमीसारखा आधीच तिथं उभा. जवळपास कुणी नाही, कुणाचा धक्का नाही. त्यानं पाय उघडला आणि वाळक्या उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज आला. एवढ्या मोठ्या सभागृहात तो मला ऐकू आला. लाउडस्पीकरवरचं संगीत थांबलं, माणसं थांबली. मिनोरु खाली बसला होता आणि आपल्या पायाकडे आश्चर्यानं पाहत होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. ओरडला नाही. मीच ओरडले.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये संघाची फिजिओथेरपिस्ट बाई भेटली, हातात कागद घेऊन. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागलं. हाडाला आधीपासून बारीक चीर होती, ती म्हणाली. विश्रांती मिळाली असती तर जुळून आली असती. मग तिनं माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या आंटी?"

मी मान हलवली.

"एक्स-रेसाठी त्याला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्यानं कॅन्सल केलं. म्हणाला, माझ्या आंटी उपचार करताहेत, आता दुसरीकडे गेलो तर त्यांचा अपमान होईल."

तो पांढरा कॉरिडॉर, दिव्यांची ती निर्दय शुभ्रता, सगळं माझ्या बोटांवर येऊन थांबलं. हळदीचा रंग किती मंगल मानतो आपण! मी ती बोटं पदरात लपवली. इतक्या वर्षांनंतरही आंबेहळदीचा वास आला की मी आधी माझी बोटं बघते.

हे मला समजावत, "त्याला खेळायचंच होतं. डॉक्टरनं बसवलं असतं तर करार गेला असता, हे त्यालाही माहीत होतं. तू फक्त निमित्त." असेलही. पण निमित्ताला हात असतात, आणि ते हात माझे होते.

बर्फ वितळलं, नवा कागद आला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो कुबड्यांवर तोल सावरत जेवायला आला. मी माफीची वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती. त्यानं पहिल्याच शब्दाला हसून मान हलवली आणि ती वाक्यं तशीच राहिली. मग मला येतं तेच मी केलं. पोळी वाढली. त्यानं निगुतीनं, एकही कण न सांडता ती संपवली. माझा हात सवयीनं पुढं झाला.

त्यानं आपला तळवा ताटावर आडवा धरला.

"पुरे, काकू-सान."

शब्द मराठी, ह्यांच्याकडून शिकलेला. उच्चार स्वच्छ. हे चमकून बघत राहिले. माझ्या हातातली पोळी तशीच लोंबत राहिली आणि तो मृदू, सौजन्यानं भरलेला शब्द मला त्या उसाच्या कांड्याहून मोठा ऐकू आला. या घरात त्यानं उच्चारलेला तो पहिला नकार होता. एवढ्यासाठी त्याला तीन हिवाळे लागले, आणि एक पाय.

काही वर्षं नववर्षाची कार्डं येत राहिली. कधी त्यावर बर्फातला बगळा असे, कधी फुललेली फांदी. मग तीही थांबली. आम्ही घर बदललं, हे गेले, ती विटांची भिंत पाडून तिथं दुकानं झाली. तरी हिमवर्षावानंतरच्या सकाळी आधण ठेवताना माझे कान नकळत त्या दिशेला लागतात. धप्प ऐकू येतं. मग ते लांबलेलं अंतर येतं, आणि दुसऱ्या आवाजाची वाट पाहत मी अजून त्याच एका श्वासात उभी असते.