फुटाला एक सूत

माझं पोट मला लहानमोठं करता येतं. कडेचा कानाचा नट सैल केला की आतला ठोकळा पुढं-मागं सरकतो. हव्या त्या मापावर तो आला की कान पुन्हा आवळायचा. मित्रांनो, मी चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीतली जुनी सरकती पेटी आहे. कागदोपत्री मला ‘कोअर बॉक्स’ म्हणतात, पण त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

माझं काम समजायला एक गंमत करून बघा. चिकणमातीचा गोळा एका पेन्सिलीभोवती थापा, जरा सुकू द्या आणि पेन्सिल ओढून काढा. (मातीचे हात डोळ्यांना मात्र लावू नका.) मधोमध आरपार भोक राहिलं ना? लोखंडाच्या रुळात असंच भोक हवं असतं, तेव्हा साच्यात पेन्सिलीच्या जागी वाळूचा भाजलेला दांडा ठेवतात. तोच कोअर. त्याच्याभोवती लोखंडाचा रस ओततात, रस निवला की वाळू फोडून काढतात. तो दांडा माझ्या पोटात तयार होतो. पाच इंची म्हणा, बारा इंची म्हणा, अठरा इंची म्हणा. दुसऱ्या पेट्यांना एकच माप येतं. मला चौदा येतात, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही.

मी आधी फळी होते. निजामाच्या राजवटीतल्या एका कचेरीत कपाटाची फळी. माझ्यावर उर्दू दफ्तरं रचलेली असत. पोलिस ॲक्शन झाली, कचेऱ्यांचं रूप पालटलं आणि जुनी कपाटं लिलावात निघाली. आमचं कपाट फिरत फिरत दौलताबादला बन्सी मिस्त्रींच्या अंगणात आलं. तिथं बरीच वर्षं त्यात कोंबड्या राहत होत्या, हेही सांगून टाकते.

बन्सी मिस्त्री फाउंड्रीसाठी, वाळूत साचे उठवायचे लाकडी नमुने आणि कोअरच्या पेट्या बनवायचे. एक दिवस त्यांनी कोंबड्यांना हुसकलं आणि माझ्यावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं.

“जुनं सागवान हाय,” ते म्हणाले. “ह्याचं रुसून-फुगून झालंय. आता हे वाकायचं नाय.”

त्यांनी मला कारखान्यात आणून कापलं, कोरलं. करंजीच्या साच्यासारखे माझे दोन भाग केले. आत गुळगुळीत पन्हाळ काढली, तिच्यात ठोकळा बसवला. शेवटी माझ्या काठावर मापाच्या खुणा घालायला त्यांनी पिशवीतून एक पट्टी काढली. ती पट्टी बाजारातल्या पट्टीपेक्षा किंचित लांब होती.

हे सगळ्यांत आधी कुणी हेरलं असेल, तर सखूबाईनं. ती तेव्हा कामावर नुकतीच लागली होती. वेरूळकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली पोर. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली होती, पण लांबून मेंढरू लंगडतंय की नुसतं रेंगाळतंय ते ओळखणारी तिची नजर होती.

“मिस्त्री, तुमची पट्टी चुकलीया,” ती म्हणाली.

“चुकली नाय. लबाड हाय.” मिस्त्री हसले. “पोराला अंगापेक्षा मोठं झबलं शिवतीस का नाय? का तर ते वाढतंय. लोखंडाचं उलट. ते निवलं की अंग चोरतंय. फुटाला एक सूत आटतंय. म्हणून पेटीच आधी मोठी धरायची.”

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डाळीच्या दाण्याएवढा. मित्रांनो, तो दाणा नीट लक्षात ठेवा.

त्यानंतरची दहा वर्षं मी आणि सखूबाईनं मिळून काढली. ती चाळलेल्या वाळूत जवसाचं तेल आणि काकवी घालून मळायची, माझे दोन्ही भाग जुळवून मला उभी करायची आणि वाळू ठासून भरायची. मधून एक सळई घालून हळूच ओढून काढायची. ती वाफेची वाट. तप्त रस भोवती आला की कोअरमधून वाफ निघते, तिला बाहेर पडायला रस्ता लागतो. मग मला उघडून कोअर भट्टीत शेकायचा. शेकून झाला की सखूबाई त्याच्यावर टिचकी मारायची. टणटण वाजला तर पक्का, थपथप वाजला तर परत भट्टीत. पिठाच्या गिरणीच्या कप्प्या, पाण्याच्या पंपाची नळकांडी, बैलगाडीच्या चाकातल्या लोखंडी नळ्या, किती जिनसांची भोकं माझ्या पोटातून गेली याची गणती नाही. मालक आप्पासाहेब पाहुण्यांना मुद्दाम कोअरच्या शेडमध्ये आणून म्हणायचे, “ही एक पेटी चौदा पेट्यांचं काम करते.”

दरम्यान बन्सी मिस्त्री वारले. त्यांची हत्यारांची पेटी कुलूप लावून माळ्यावर ठेवली गेली. ती लांब पट्टीही त्यातच गेली.

मग रामकिसन साहेब आले. डिप्लोमा झालेला तरणा सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्टीलची फूटपट्टी. माणूस कष्टाळू आणि सरळ होता. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. त्या दिवशी एकाही हत्याराला काम सांगत नाहीत, आणि आदल्या दिवशी सगळी घासूनपुसून लख्ख करतात. त्या वर्षी सखूबाई रजेवर होती. तिच्या म्हाळसाला, सहा वर्षांच्या लेकीला, ताप आला होता. म्हणून मला पुसायचं काम साहेबांनी स्वतःकडं घेतलं.

त्यांनी माझ्या सांध्यातली वाळू ब्रशनं काढली, अंगाला तेल चोळलं. मग सहज स्टीलची पट्टी माझ्या काठाला लावली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“अठरा इंचाला दीड सूत फरक! आणि दहा वर्षांत कुणी बघितलं नाही?”

त्यांनी काचपेपर घेतला. बन्सी मिस्त्रींच्या खुणा एकेक करून घासून काढल्या, स्टीलच्या पट्टीनं नव्या आखल्या आणि त्यांत पांढरा रंग भरला. दुसऱ्या दिवशी त्या रंगावरच मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते आणि इतकी खोटीही कधी झाले नव्हते. पण पेटीला तोंड कुठं असतं?

दसऱ्यानंतर कन्नडकडच्या गुऱ्हाळांसाठी उसाच्या चरकाचे अठरा रूळ ओतायचे होते. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटतात, त्याच्या आत माल पोचायला हवा होता. सखूबाई कामावर आली. काठावर पांढरा रंग पाहून तिला वाटलं, जुन्याच खुणा रंगवल्या असतील. तिनं अठराच्या खुणेवर ठोकळा आवळला आणि कोअर केले.

पहिले नऊ रूळ ओतले. साचे फोडले तर सात रुळांना आतून चाळणीसारखी भोकं पडलेली.

भोकं पडली की फाउंड्रीत सगळ्यांचं बोट आधी कोअरवालीकडं वळतं, कारण कोअर ओला राहिला की वाफ जास्त होते आणि लोखंडात बुडबुडे धरतात.

“सखूबाई,” आप्पासाहेब म्हणाले, “पोरीच्या काळजीत कोअर कच्चे राहिले.”

“साहेब, एकेक कोअर म्या वाजवून घेतलाय.”

“पुस्तकातही हेच कारण दिलंय,” रामकिसन साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांना ते बोलायला आवडत नव्हतं, हे मला दिसत होतं.

“उरलेले नऊ दुसरी कुणी करील. तुम्ही सोमवारपासून येऊ नका,” आप्पासाहेबांनी सांगून टाकलं.

सखूबाईचा नवरा मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने बाहेर असायचा. चूल, खोलीचं भाडं, म्हाळसाची शाळा हे सगळं या शेडमधल्या तिच्या हातांवर चालायचं. तिनं माझ्यातली वाळू झटकली आणि मला जागेवर ठेवलं. माझा कान तिनं नेहमीसारखाच, ना कमी ना जास्त, आवळला.

डबा घेऊन ती निघाली. एरवी कोअरवाल्या बाया साच्यांच्या बाजूला जात नसत. त्या दिवशी घाईनं तिकडूनच गेली. साचे भरणारा सोनाजी मोल्डर तिचाच एक उरलेला कोअर साच्यात बसवून बघत होता.

“काय गं सखू, कोअर केलास का पायातला वाळा? आतमंदी खुळखुळतोय!”

ती थबकली. “खुळखुळतोय? आधीपास्नं खुळखुळतो का?”

“छ्या! तुझे कोअर म्हंजी घट्ट बसायचे. दसऱ्यापास्नंच बिघडलंय.”

सखूबाई तशीच मागं फिरली. रॅकच्या मागच्या अंगाला दसऱ्याआधीचा एक अठरा इंची कोअर पडून होता. तिनं तो आणला आणि लोखंडी पाटावर नव्या कोअरशेजारी उभा केला.

जुना कोअर उंच होता. डाळीच्या दीड दाण्याएवढा.

सोनाजीनं शिट्टी वाजवली. आप्पासाहेब आले, रामकिसन साहेबही धावत आले. त्यांनी पट्टी लावली.

“नवाच बरोबर आहे, अगदी अठरा इंच. माझी पट्टी चुकणार नाही.”

“पट्टी बराबर हाय साहेब,” सखूबाई म्हणाली, “पर लोखंड तुमच्या पट्टीचं ऐकत नाय. बन्सी मिस्त्री म्हणायचे, निवलं की ते अंग चोरतंय. साचा त्यांच्या नमुन्यावर बनलाय, तो मोठाच हाय. आन कोअर आखूड. मंग कडंच्या फटीतून रस आत जातुया आन वाफेची वाट बुजतीया. दुसरं काय?”

तिनं दोन्ही कोअर आप्पासाहेबांपुढं सरकवले.

“दोनी कोअर परत एकाच भट्टीत शेका, तुमच्या डोळ्यांपुढं. एकाच खेपेचा रस दोन साच्यांत ओता. खोटं कोण ते लोखंडच सांगंल.”

“आणि तुमचाच रूळ बिघडला तर?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“तर सोमवारची वाट कशाला? आजच माझा रामराम.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब दुपार तीच. दोन्ही कोअर शेकले, वाजवले, साच्यांत बसवले. एक खुळखुळला, एक गपकन बसला. रस ओतला. आणि मग थांबणं आलं, कारण लोखंडाला निवायची घाई करता येत नाही. म्हाळसाला शेजारणीकडं ठेवलं होतं. सखूबाईचे डोळे सारखे दाराकडं जात होते, पण पाय तिथून हलले नाहीत.

रविवारी सकाळी साचे फोडले. नव्या मापाच्या रुळाला पुन्हा तशीच भोकं. जुन्या कोअरचा रूळ आतून-बाहेरून साफ. सोनाजीनं हातोडीनं त्याच्यावर टोला दिला आणि घंटेसारखा आवाज सगळ्या शेडभर फिरला.

रामकिसन साहेब माळ्यावर चढले. बन्सी मिस्त्रींच्या पेटीतली लांब पट्टी घेऊन आले आणि त्यांनी ती स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली.

“हे मी परीक्षेत लिहिलं होतं,” ते म्हणाले. “पाच मार्कांना. पाचही मिळाले होते.” मग ते सखूबाईकडं वळले. “खुणा मी पुसल्या. तुमचा काही दोष नाही, चुकी माझी आहे.”

सगळ्यांसमोर असं म्हणायला छाती लागते. त्या दिवसापासून मी त्यांना माझं माणूस मानलं.

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. “मग सोमवारी... वेळेवर या.”

“मी वेळेवरच येते साहेब,” सखूबाई म्हणाली, “पोरीला ताप नसला तर.”

सोनाजी तोंड फिरवून हसला. आप्पासाहेबही हसले, पण जरा उशिरा.

त्याच दुपारी साहेबांनी माझ्या काठावर पुन्हा खुणा कोरल्या, या वेळी मिस्त्रींच्या पट्टीनं. पट्टीचं दुसरं टोक सखूबाईनं धरलं होतं. खुणांखाली त्यांनी चाकूनं खोल अक्षरं कोरली : ‘फुटाला एक सूत जादा’. नव्यानं सगळे रूळ ओतले गेले आणि दिवाळीच्या चार दिवस आधी कन्नडला पोचले. त्या गुऱ्हाळांतली काकवी पुढं आमच्याच शेडमध्ये आली आणि माझ्या वाळूत मिसळली.

आता कोअर बनवणारी यंत्रं आली आहेत. ती मिनिटाला एक कोअर टाकतात. मी बहुतेक दिवस फळीवर असते आणि माझ्या अंगावर धूळ बसते. तरी कुणी जुन्या चरकाचा एखादाच रूळ मागितला, की यंत्र त्याच्यासाठी नवा साचा मागतं, आणि मग माझी आठवण होते. माझा कान सैल केला की ठोकळा अजून तितक्याच सहज सरकतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवी मुलं ब्रश आणि काचपेपर घेऊन येतात. केस पांढरे झालेले रामकिसन साहेब खुर्ची ओढून माझ्याजवळ बसतात आणि खुणांच्या काठावर आपला तळहात पालथा ठेवतात. मुलं बाकीचं अंग घासतात. सगळं झाल्यावरच ते हात उचलतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल, जिच्यावर काहीतरी वेडंवाकडं, चुकीचं वाटणारं लिहिलेलं असेल. ती जरूर पुसा, धूळ कुणालाच आवडत नाही. पण काचपेपर लावण्याआधी ती रोज वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारा. तो मेंढरांमागून आलेला असेल, त्यानं शाळा बाहेरूनच पाहिली असेल, तरी विचारा.

आणि कधी चिकलठाण्याला आलात, तर माझ्या काठावरून बोट फिरवून बघा. अक्षरं अजून बोटाला लागतात.