दोन टकटक

माझी थाप पकडली की टेबलावर दोनदा टकटक करायची, हा आमच्या घरचा कायदा. नात चार वर्षांची असताना तिनंच केलेला. मी म्हणायचे, तुझे आजोबा घोरायला लागले की शेजाऱ्यांची भांडी फळीवरून उतरून आमच्या दारात भांडायला यायची. टकटक. मी म्हणायचे, तरुणपणी मी इतकी बारीक होते की बाजूनं उभी राहिले तर फोटोत यायचेच नाही. टकटक.

आता ती सोळाची आहे. तीन महिन्यांत एकदाही टकटक नाही. मला मेलीला वाटलं, माझ्याच थापा शिळ्या झाल्या. म्हणून मी नव्या नव्या रचत बसले.

लेक आणि मी इस्त्रीचं दुकान चालवतो. नात शाळेतून आली की मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडते. जेवण चिमणीएवढं, केसांना फणी नाही. लेक म्हणायची, वय आहे, होईल सरळ. मग एक दिवस मी नातीला सांगितलं, गिऱ्हाइकाच्या कोटात जिवंत बदक निघालं, त्यालाही इस्त्री मारून घडी घातली.

ती म्हणाली, "बरं."

बदकाची घडी घातली, आणि पोर म्हणते बरं. भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं, तिच्या उशाशी बसले आणि सरळच विचारलं, "मरून जावंसं वाटतं का गं तुला?"

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "रोज." मग म्हणाली, "आईला नको सांगूस."

"सांगणार. आणि डॉक्टरांकडे जायचं, तिघींनी."

"त्यानं बरं वाटेल?"

महिन्याभरात नाचायला लागशील, ही थाप अगदी जिभेवर आली होती. गिळली.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "पण मी इथून हलत नाही."

डॉक्टरांकडे चार खेपा झाल्या. गोळ्या चालू आहेत. फरक म्हणाल तर काही दिसत नाही. लेक इस्त्री करता करता रडते आणि वाफेवर ढकलते. मी कपड्यांचा ढीग नातीच्या खोलीत आणून घड्या घालते. ती भिंतीकडे बघते, मी तिच्या पाठीकडे.

काल सहज म्हटलं, इतकं बसून बसून माझे गुडघे सोळा वर्षांचे झाले बघ.

ती वळली नाही. पण पलंगाच्या लाकडावर बोट वाजलं. एकदाच.

दुसरं वाजेल म्हणून मी हातातला शर्ट तसाच धरून बसले. वाजलं नाही. आज परत ढीग घेऊन आलेय.